पार्श्वभूमी : छोट्या कट्ट्यांची किल्ली

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी एलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर ताब्यात घेतलं आणि पुढच्या काही आठवड्यांत मॅस्टोडॉन या कुणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या समाजमाध्यमाच्या सर्व्हरांवर (ते चालवणाऱ्या वेगवेगळ्या संगणकांवर) नवख्यांची रीघ लागली. वर्षअखेरीला तिथल्या मासिक वापरकर्त्यांची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. काहीतरी नवीन उगवलंय, असा तेव्हाच्या चर्चेचा सूर होता. खरं तर छोट्या, एकच मालक नसलेल्या ऑनलाइन कट्ट्यांची ही वाट वेबपेक्षाही जुनी आहे. तिच्याबद्दल बोलताना दोन गोष्टींची कायम गल्लत होते: जागा लहान असणं आणि जागेची किल्ली कुणा एकाच्याच हाती नसणं.

सुरुवातीला या दोन्ही गोष्टी आपोआपच एकत्र होत्या. १९७८च्या जानेवारीत शिकागो बर्फाच्या वादळात अडकलेलं असताना वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी संगणकाला टेलिफोन जोडून निरोपांचा फलक बनवायला घेतला. १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला. फोनलाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत. त्याने फोन ठेवला की पुढच्याचा नंबर. पुढे असे हजारो बुलेटिन बोर्ड निघाले. लांबचा कॉल महाग पडायचा, म्हणून येणारे बहुतेक आसपासचेच. बोर्ड चालवणाऱ्याला ‘सिसॉप’ म्हणत. यंत्र बहुधा त्याच्या घरात, वीजबिल त्याचं आणि भांडणं मिटवायलाही तोच. हे लहानपण कुणी ठरवून निवडलेलं नव्हतं. तारेला तेवढंच झेपत होतं.

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट सुरू केलं. रात्री फोनचे दर उतरले की एका बोर्डचा संगणक दुसऱ्याला फोन लावायचा आणि निरोप पुढे सरकवायचा. त्याआधीच, १९७९-८० मध्ये, ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांच्या कल्पनेतून विषयवार चर्चागटांचं यूजनेट आलं होतं. मधोमध बसलेला मालक दोन्हीकडे नव्हता.

यूजनेटचं पुढे काय झालं, ते जरा निवांत पाहण्यासारखं आहे. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना खाती मिळत आणि महिनाभर गोंधळ माजे. जुनी मंडळी त्यांना रीतभात शिकवत, मग सगळं शांत होई. १९९४च्या सुरुवातीला एओएल या अमेरिकी ऑनलाइन सेवा कंपनीने आपल्या ग्राहकांना यूजनेटचं दार उघडून दिलं आणि हा ओघ थांबेचना. जुन्यांनी या काळाला नाव दिलं ‘कधीही न संपणारा सप्टेंबर’. नवे लोक वाईट होते, असं मला वाटत नाही. शिकवणाऱ्यांपेक्षा शिकणारे कितीतरी जास्त झाले, इतकंच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन वकिलांनी अमेरिकी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो गटांत एकदम टाकली. मालक नसल्यामुळे त्यांना सगळ्या यूजनेटवरून बाहेर काढणारं कुणी एक नव्हतं. विकेंद्रित, पण अफाट मोठी जागा अशी उघड्यावर पडते.

उलट बाजूही तितकीच बोलकी. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लोकांनी आळीआळीने आपापली पानं थाटली होती. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २००९ मध्ये गाशा गुंडाळला. ऑर्कुटवरचे समूह ३० सप्टेंबर २०१४ रोजी गुगलने बंद केले. जागा आपुलकीची होती, पण किल्ली कंपनीच्या खिशात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आज गटाला ‘सर्व्हर’ म्हणतात, तेव्हा मला गंमत वाटते. यंत्रणा तर एकाच कंपनीची.

तरीही मोठे प्लॅटफॉर्म नुसत्या कपटाने जिंकले, हे म्हणणं मला पटत नाही. स्वतःचा सर्व्हर सांभाळणं कटकटीचं असतं; त्यांनी ती कटकट फुकटात उचलली, आणि ओळखीचे सगळे तिथेच भेटले. खटका उडाला तो नंतर. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आणलं. तोवर ज्याच्या त्याच्या पानावर जाऊन डोकवावं लागे. आता समोर काय यावं, ते कंपनी ठरवू लागली. गुगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे निरोपांच्या देवाणघेवाणीच्या कुणालाही वापरता येणाऱ्या नियमांवर, आलं होतं, तेव्हा स्वतःचा सर्व्हर चालवणारे खूश झाले. २०१३ मध्ये हँगआउट्स आलं, तेव्हा बाहेरच्या सर्व्हरांशी जोडणारा तो धागाच गुगलने सोडून दिला. ही आठवण त्या मंडळींच्या मनातून गेलेली नाही.

लहान जागा आणि वाटलेली किल्ली या दोन्ही गोष्टी जाणूनबुजून पुन्हा गुंफायचे प्रयत्न २००८ मध्ये इव्हान प्रोड्रोमू यांच्या आयडेंटिका या ट्विटरसारख्या खुल्या सेवेपासून दिसतात. २०१६ मध्ये ऑयगेन रोच्को यांनी मॅस्टोडॉन आणलं आणि जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने ॲक्टिव्हिटीपबला, म्हणजे अशा सर्व्हरांना एकमेकांशी जोडणाऱ्या प्रोटोकॉलला, अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. पत्ता ईमेलसारखाच: आधी नाव, मग सर्व्हर. प्रत्येक सर्व्हरचे नियम त्याचे त्याचे, आणि नको असलेल्या सर्व्हरशी संबंध तोडायची मुभा. यूजनेटवर हे इतकं सोपं नव्हतं. २०१९ मध्ये अतिउजव्यांच्या गॅब या समाजमाध्यमाने मॅस्टोडॉनचा कोड उचलला. कोड खुला असल्यामुळे मनाई करता येत नव्हती, पण बहुतेक सर्व्हरांनी त्यांच्याशी व्यवहारच बंद केला.

किल्ली हातात आली की कामही गळ्यात पडतं. सर्व्हर चालवणारे हौशी अ‍ॅडमिन थकतात, एखादा सर्व्हर बंद पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर अफगाणिस्तानच्या ‘डॉट एएफ’ नावावर चालणाऱ्या एका सर्व्हरचं डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) तालिबानच्या अखत्यारीतल्या मंत्रालयाने काढून घेतलं. २०२२ची गर्दीही टिकली नाही; काही महिन्यांत बरेच जण परतले. रेडिटने २०२३ मध्ये एपीआयसाठी, म्हणजे बाहेरच्या ॲपना रेडिटशी जोडणाऱ्या सोयीसाठी, पैसे मागितले, तेव्हा हजारो समूहांनी निषेध म्हणून दारं लावून घेतली. काही जण रेडिटसारख्याच पण विकेंद्रित लेमीवर गेले, बहुतेकांनी पुन्हा दारं उघडली.

जुलै २०२३ मध्ये मेटाचं थ्रेड्स आलं, तेही ॲक्टिव्हिटीपब जोडण्याचं आश्वासन देत. गुगल टॉक आठवणाऱ्या कित्येक अ‍ॅडमिननी त्याला आधीच रोखून टाकलं. काहींनी दार उघडं ठेवलं, त्यात रोच्को यांचा सर्वांत मोठा सर्व्हरही होता. आपल्या अ‍ॅडमिनचा निर्णय ज्यांना पटला नाही, त्यांना बिऱ्हाड दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत होतं. फॉलोअर सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.