श्रद्धाळू कारभारी आणि श्रद्धेचा कारभार

निवडणुकीचा अर्ज भरण्याआधी नाशिकच्या अनेक उमेदवारांची पावले काळाराम मंदिराकडे किंवा रामकुंडाकडे वळतात. मागच्या निवडणुकीत असाच एक उमेदवार कपाळाला अष्टगंध लावून पंचवटीतल्या आमच्या गल्लीत आला, तेव्हा शेजारच्या मावशींनी त्याचे औक्षण केले आणि तो पुढच्या दाराकडे वळल्यावर मला म्हणाल्या, "देवाधर्माचं करणारा आहे. असा माणूस वाईट कारभार कसा करेल?" समोरच्या किराणा दुकानातला मुलगा ते ऐकत होता. तो म्हणाला, "मावशी, मला तर त्याचीच धास्ती वाटते." दोघांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट होते, पण गफलत एकच होती: उमेदवाराची श्रद्धा आणि त्याच्या कारभारातली श्रद्धा या दोन गोष्टी दोघांनीही एकच धरल्या होत्या.

श्रद्धाळू कारभारी म्हणजे स्वतः देव मानणारा, पूजा, नमाज किंवा प्रार्थना करणारा, आणि त्यातून वागण्याचे बळ मिळवणारा माणूस. श्रद्धेचा कारभार म्हणजे ज्यात सार्वजनिक निर्णयाचे कारणच श्रद्धा असते, असा कारभार. पहिल्यात श्रद्धा ही प्रेरणा असते, दुसऱ्यात ती अधिकार गाजवू लागते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी आणि पुष्कळदा एकाच दिवशी दिसतात, म्हणून त्या वेगळ्या ओळखणे अवघड जाते.

पहिल्या गोष्टीच्या वाटेला आपला कायदा जात नाही. उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती असते, पण धर्माचा रकाना नसतो. अर्ज दाखल केल्यावर राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यावी लागते. ती ईश्वराला साक्षी ठेवून घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, आणि दोन्हींचे वजन सारखेच असते. धर्मगुरूलाही निवडणूक लढवण्याची मनाई नाही; २०२४ मध्ये शांतिगिरी महाराज नाशिक लोकसभा मतदारसंघातून अपक्ष उभे होते. याला एक अपवाद सांगायला हवा, कारण तो आपल्या जिल्ह्यातही लागू होतो. देवळालीसारख्या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात उमेदवाराचा धर्म अप्रत्यक्षपणे तपासला जातो, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. त्यात शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये समाविष्ट झाले.

श्रद्धा मताचे कारण बनली, की मात्र कायदा जागा होतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असे आवाहन करणे हा भ्रष्ट आचार आहे आणि त्यामुळे निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या दोन निवडणुकांबद्दल दिलेले निकाल शेजारी ठेवून वाचावेत. विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत प्रचारसभांमधून हिंदू धर्माच्या नावाने मते मागितल्याचे सिद्ध झाले, म्हणून रमेश प्रभू यांची निवड रद्दच राहिली. त्याच दिवशी मनोहर जोशी यांची निवड मात्र न्यायालयाने कायम केली, कारण महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, हे विधान म्हणजे धर्माच्या आधारे मतांचे आवाहन नसून फार तर आशा व्यक्त करणे आहे, असे न्यायालयाला वाटले. माझ्या मते ही रेघ फारच बारीक आहे, आणि सभेत बसलेल्या सामान्य श्रोत्याला ती दिसेल असे मला वाटत नाही. पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मताने हे कलम आणखी रुंद केले: केवळ उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही त्यात आले.

निवडून आल्यानंतरचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे, कारण तिथे कलमाचा आधार थोडा आणि विवेकाचा जास्त असतो. मंत्र्याच्या शपथेत 'कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता' हे शब्द आहेत. टीव्हीवर शपथविधी पाहताना ते कानांवरून निघून जातात, पण या विषयाचे सार त्यांतच आहे. मे १९५१ मध्ये सोमनाथ मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी जाऊ नये, असे पंतप्रधान नेहरूंचे मत होते, तरीही राजेंद्रबाबू गेले. त्यांच्या श्रद्धेबद्दल वाद नव्हता. त्या पदावरच्या माणसाने तिथे जाणे म्हणजे सरकारचे जाणे ठरते का, एवढाच प्रश्न होता. मंदिराचा खर्च मात्र सरकारी तिजोरीतून न करता लोकवर्गणीतून झाला होता, आणि मला तो तपशील महत्त्वाचा वाटतो.

नाशिकला हा विषय सिंहस्थामुळे फार जवळून कळतो. कुंभमेळ्यावर सरकारचा पैसा खर्च होतो, तेव्हा हा श्रद्धेचाच कारभार आहे, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. लाखो माणसे एका दिवशी एका नदीकाठी येणार असतील, तर रस्ते, शौचालये, पिण्याचे पाणी, दवाखाने आणि कठडे ही सरकारची जबाबदारीच आहे, मग माणसे स्नानाला येवोत की आणखी कशाला. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन ३९ जण गेले. त्यानंतर गर्दीच्या नियोजनावर केलेला खर्च कोणत्याही नास्तिकालाही पटवून देता येतो. हीच माझी कसोटी आहे: निर्णयाचे कारण त्या श्रद्धेबाहेरच्या माणसाला सांगता येते का, आणि त्याला ते तपासून पाहता येते का.

ही कसोटी गोदावरीच्या पाण्याला लावून पाहावी. तिला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. घरातले कोणी गेले, की 'गंगेवर' जाऊन दशक्रिया होते. तिच्याबद्दल श्रद्धा असलेला महापौर नदी स्वच्छ करायला इतरांपेक्षा अधिक झटला, तर ती श्रद्धाळू कारभाऱ्याची प्रेरणा झाली आणि तिचे स्वागतच करायला हवे. पण गंगा मुळातच पवित्र आहे, तिचे पाणी काय तपासायचे, असे म्हणून त्याने नाल्यांची फाईल बाजूला ठेवली, तर तो श्रद्धेचा कारभार झाला. स्नानाच्या पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा ऑक्सिजन, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मानक आहे. रामकुंडातून भरलेल्या बाटलीचा हा आकडा वारकऱ्याच्या हातात आणि नास्तिकाच्या हातात सारखाच येतो.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्या गल्लीपासून चार पावलांवर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला, आणि दरवाजे बंद ठेवणारे लोक नास्तिक नव्हते; ते रोज पूजा करणारे होते. याउलट १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावणारे साने गुरुजीही तितकेच श्रद्धाळू होते. म्हणजे माणूस किती श्रद्धाळू आहे, यावरून तो दरवाजा उघडेल की बंद करेल, हे कळत नाही. दुकानातल्या मुलाची धास्तीही तेवढ्यासाठीच अपुरी ठरते. पुढे राज्यातली हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करणारा कायदा १९५६ मध्ये झाला, तो समतेच्या हक्कावर उभा राहिला. कोणत्या मंत्र्याची भक्ती किती खोल आहे, यावर नव्हे.

दोन दिवसांनी तो उमेदवार पुन्हा आला. मावशींनी पुन्हा औक्षण केले, आणि निरांजन खाली ठेवून विचारले, "दादा, गंगेत येणारे नाले कधी बंद होणार, ते सांगा." तो म्हणाला, गंगामैयाची कृपा असेल तर सगळे होईल. मावशी म्हणाल्या, "तिची कृपा आहेच. मी तुमच्याबद्दल विचारतेय."