थंबप्रिंट कुकीची पार्श्वभूमी: जॅम भाजण्याआधी की नंतर?

थंबप्रिंट कुकी म्हणजे कणकेच्या गोळ्याला अंगठ्याने खळगा करून त्यात जॅम भरलेलं बिस्किट. तो जॅम भाजण्याआधी भरायचा की कुकी बाहेर काढल्यावर, यावर दर डिसेंबरला नव्याने भांडण होतं आणि दोन्हीकडचे लोक आपलीच पद्धत मूळची म्हणून सांगतात. कृती सगळ्यांना माहितीये, ती परत लिहीत नाही. पण हा वाद कुठून आला ते बघायचं तर जॅमचा, चुलीचा आणि पिठात काय काय पडायचं याचा इतिहास बघावा लागतो, आणि तो बघितला की माझं मत तरी एका बाजूला झुकतं, ते आधीच सांगून टाकते.

लोणी-मैद्याच्या कणकेवर फळाचा मुरंबा घालून भाजणं युरोपात जुनंच आहे. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टार्टची लिहिलेली कृती १६५३ सालची सापडलीये. पण ते सगळं बड्या घरांतलं, कारण साखर महाग होती. १७४७ साली बर्लिनमध्ये बीटातून साखर निघते हे सिद्ध झालं, १८०० नंतर लगेचच तेव्हाच्या प्रशियातल्या सायलेशिया प्रांतात पहिला बीट-साखरेचा कारखाना उभा राहिला, मग नेपोलियनच्या लढायांत जहाजाने येणारी उसाची साखर अडली आणि बीटाची शेती भराभर पसरली. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरचा करच उठवला. शतक संपेपर्यंत जॅम कामगाराच्या पावावरसुद्धा आला होता, म्हणजे घरात एक बरणी कायम उघडी आणि थोडा जॅम कशाततरी घालायला हाताशी, ही परिस्थिती खरं तर तेवढीच जुनी आहे.

दुसरी गोष्ट चूल. स्वीडनमध्ये १८व्या शतकात कॉफीवर पुन्हा पुन्हा बंदी आली, पहिली १७५६ ला, आणि १८२०च्या दशकात ती कायमची उठल्यावर घरोघरी कॉफीला बोलावण्याची पद्धत रुजली. त्याच १९व्या शतकात लोखंडी लाकूडचूल आली, तिला बाजूला छोटी भट्टी असायची, त्यामुळे आठवड्याच्या पावासाठी मोठी भट्टी पेटवायची वाट न बघता बाई एखादा ट्रे बिस्किटं मधल्या वेळात भाजू शकत होती. कॉफीबरोबर सात प्रकारची बिस्किटं मांडायची असा रिवाज पडला, सातपेक्षा कमी ठेवली तर चिक्कूपणा आणि जास्त ठेवली तर मिरवणं. १९४५ मध्ये या सात प्रकारांच्याच नावाने, लोकांकडून कृती मागवून केलेलं एक पुस्तक निघालं आणि ते आजही छापलं जातं. रास्पबेरी जॅमवाली थंबप्रिंट, तिकडे तिला हालोनग्रोत्ता म्हणतात, याच कॉफीच्या ताटातली. तिच्यात लोणी, साखर, मैदा, व्हॅनिला साखर, बेकिंग पावडर, बऱ्याचदा थोडा बटाट्याचा स्टार्च, आणि भाजायला छोट्या कागदी वाट्या. अंडं नाही! आपल्याकडे ‘एगलेस व्हर्जन’ म्हणून ज्या कृती फिरतात त्यात अंड्याच्या जागी दही घाला, कंडेन्स्ड मिल्क घाला असलं काय काय असतं, त्याची काहीच गरज नाही, स्वीडिश कृती पहिल्यापासून शाकाहारी घरात चालण्यासारखीच आहे.

जर्मनीतली कुकी वेगळी. ती नाताळची, तिच्यात अंड्याचा पिवळा बलक आणि बरेचदा बदाम किंवा हेझलनटची पूड, खळगा अंगठ्याने नाही तर लाकडी चमच्याच्या दांड्याने केलेला, आणि आत लाल करंट या छोट्या आंबट फळाची जेली. अमेरिकेत ती युरोपातून गेलेल्या लोकांबरोबर पोचली, तिथे गोळा अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून अक्रोडाच्या चुऱ्यात घोळवायची सवय लागली. १९५७ मध्ये तिथल्या एका मोठ्या बेकिंग स्पर्धेत पीनट बटरची एक कुकी आली, तिच्यात भाजून झाल्याझाल्या गरम असतानाच मध्ये चॉकलेट दाबायचं होतं, ती तुफान चालली. माझ्या मते ‘आधी भाजा, मग भरा’ हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसायला अशा कुकीजनी मोठा हातभार लावला.

आता तो वाद.

स्वीडनमध्ये जॅम आधी. जर्मनीत दोन्ही चालतं, काही घरांत जेली गरम करून भाजलेल्या कुकीत ओततात. अमेरिकेत तिसरा मार्गही आहे, आठ-दहा मिनिटं भाजा, ट्रे बाहेर काढा, फुगलेला खळगा चमच्याने परत दाबा, जॅम भरा आणि पाचेक मिनिटं पुन्हा आत ढकला. इंटरनेटवरच्या कृती या तिन्हीतून उचलून एकत्र केलेल्या असतात, म्हणजे कणीक स्वीडनची, खळगा जर्मन मापाचा आणि जॅम भरण्याची वेळ अमेरिकेची, आणि मग कुकी बिघडली की लोक ओव्हनला नाहीतर बटरला दोष देतात.

कणकेचं बघा. स्वीडिश कणकेत बेकिंग पावडर आहे, ती उष्णता लागली की फुगते, खळगा रिकामा असेल तर वर येऊन जवळजवळ सपाट होतो. आत जॅम असला तर त्याच्या वजनाने आणि ओलाव्याने तो भाग दबून राहतो. म्हणजे जॅम आधी भरणं ही तिथे नुसती सवय नाही, त्या कणकेला ते लागतंच. जर्मन कणकेत बहुतेक वेळा फुगवणारं काहीच नसतं, बलक आणि सुक्यामेव्याच्या पुडीने ती घट्ट राहते, खळगा भाजल्यावरही खळगाच राहतो, त्यामुळे नंतर जेली ओतणं परवडतं.

आणि जॅमचं. फळ, साखर आणि आम्ल एकत्र शिजवत गेलं की समुद्रसपाटीला मिश्रण साधारण १०४-१०५ अंशांवर आलं म्हणजे जॅम झाला, तेव्हा त्यात साखर आणि बाकीचे विरघळलेले घन पदार्थ मिळून ६५ टक्क्यांच्या आसपास असतात. आपल्याकडच्या कायद्यातही जॅमला किमान ६५ टक्के हेच आहे, आणि फळ किमान ४५ टक्के, फक्त स्ट्रॉबेरी-रास्पबेरीला २५ चालतं. ओव्हन १८० अंशांवर असतो, म्हणजे खळग्यातला जॅम आत गेल्यावर पुन्हा उकळणारच. व्यवस्थित आटवलेला असेल तर त्याच्यात जायला पाणी कमी, तो कडेला बुडबुडतो, मग शांत होतो, वरून चकाकतो आणि थंड झाल्यावर बोटाला चिकटत नाही. पातळ असेल तर फेस येतो, काठावरून खाली उतरतो, ट्रेवर जळतो आणि कुकीचं बूड काळं करतो.

घट्टपणा येतो फळातच असणाऱ्या पेक्टिन या पदार्थामुळे, ते १८२५ मध्ये फ्रान्समध्ये वेगळं काढून ओळखलं गेलं. लाल करंटमध्ये पेक्टिन भरपूर, म्हणून जर्मन जेली पटकन घट्ट होते. रास्पबेरीत मध्यम. स्ट्रॉबेरीत कमी, आणि आपण तर बहुतेक जण स्ट्रॉबेरीच वापरतो. बिस्किटांच्या कारखान्यांत ही भानगड नसते, तिथे भट्टीत न वितळणारा खास जॅम वापरतात, त्यात पेक्टिनच वेगळ्या जातीचं असतं. मध्ये भोक आणि त्यातून लाल ठिपका दिसणारी जी बिस्किटं आपण शाळेच्या डब्यातून खाल्ली त्यांचा जॅम तसाच चिवट आणि जागचा न हलणारा असतो हे आठवत असेल. दुकानातला टोस्टला लावायचा जॅम मात्र सुरीने सरसर पसरावा म्हणून मऊ ठेवलेला असतो, तो भाजण्याआधी भरला की त्रास देतो, आणि तिथूनच ‘नंतर भरा’ हा सल्ला आला असावा असं मला वाटतं. सल्ला चुकीचा नाहीये. पण नंतर भरलेला जॅम कणकेला धरत नाही, ओला राहतो, एकावर एक रचता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी खालची कुकी मऊ पडलेली असते. आधी भरलेली कुकी डब्यात आठवडाभर छान राहते. माझं मत आधीच्या बाजूने आहे ते यासाठी, जॅम नीट आटवला तर ही कुकी जशी असायला हवी तशी त्याच पद्धतीने होते.

आटवला की नाही हे थर्मामीटरशिवायही कळतं, स्टीलची ताटली फ्रीझरमध्ये ठेवायची, तिच्यावर चमचाभर जॅम टाकायचा, मिनिटभराने बोटाने हळू ढकलायचा, वर सुरकुती पडली की झाला. आणि थर्मामीटर असेल तर एक लक्षात ठेवायचं, दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे जॅम १०० अंशांपाशीच तयार होतो, कोणी १०५ ची वाट बघत बसलं तर कढईत गोळी होईल.

आपल्याकडची वाट अर्थातच निराळी. नानकटाई सुरतेहून आली, डच वखारीतल्या बेकरीच्या आधाराने तिथे ती घडली असं सांगतात, आणि तिच्या डोक्यावर अंगठ्याने दाबून पिस्ता नाहीतर चारोळी बसवायची पद्धत इतकी जुनी आहे की अंगठ्याचा खळगा आपल्याला परका नव्हताच, त्यात फळ नव्हतं इतकंच. घरात ओव्हन नसायचे तेव्हा दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत रांग लावायची, तिथेच मळून ट्रेवर गोळे मांडायचे, कोणाचा ट्रे कोणता त्याची चिठ्ठी लावायची आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा. तिथली भट्टी लाकडाची, उष्णता भट्टीवाल्याच्या अंदाजाने. अशा भट्टीत जॅम भरलेली कुकी कोण टाकणार, एका ट्रेचा जॅम उतू गेला तर खालचा पत्रा खराब. मुंबईतल्या या लाकडी भट्ट्यांना २०२५ मध्ये गॅस किंवा विजेवर जायचा आदेश झाला, हवेसाठी ते बरोबरच आहे, पण ट्रे घेऊन जायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून ओसरत आली होती.

मग गोल ॲल्युमिनियमचे ओव्हन आले, त्यांना थर्मोस्टॅट नसायचा, वरच्या काचेतून बघत बघत बटण बंद-चालू करायचं. त्याच्यात केक जमायचा, बिस्किटं खालून करपायची. कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून भाजणाऱ्याही खूप होत्या. थंबप्रिंट कुकी आपल्या घरांत खऱ्या अर्थाने आली ती ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) स्वस्त झाल्यावर, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर जिकडेतिकडे झाली. त्या वेळी बाहेरच्या कृतींतलं ‘रूम टेंपरेचरचं बटर’ लोकांनी जसंच्या तसं घेतलं. तिकडचं रूम टेंपरेचर वीसेक अंश, आपल्या मे महिन्यात ते तेहतीस-पस्तीस, बटर ओघळायच्या बेतात असतं, खळगा करताना कड फाटत नाही म्हणून छान वाटतं आणि आत गेल्यावर कुकी पसरून जॅम वाहतो. खळगा करून ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावाच लागतो. तुपात बटरसारखं सोळा टक्के पाणी नसतं, त्यामुळे तुपाची कणीक जास्त भुसभुशीत होते आणि जास्त पसरते, तिला मैदा दोन चमचे जास्त लागतो. बेकरीच्या नानकटाईत वर्षानुवर्षं वनस्पती तूप होतं, ते गरमीतही घट्ट राहायचं आणि आकार धरायचा. पण त्यात तब्येतीला घातक ट्रान्स फॅट असायचं, २०२२ पासून त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली, ते फार आधी व्हायला हवं होतं.

फळाच्या बाबतीत आपण मात्र श्रीमंत आहोत आणि ते पुरेसं वापरत नाही. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरला इंग्रजांच्या काळात आली, पाचगणीत १९५०च्या दशकाच्या शेवटी फळप्रक्रियेचा धंदा उभा राहायला लागला, २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. जॅम घरी करायचा तर तिच्यात लिंबू आणि एखादं किसलेलं सफरचंद घालावं, पेक्टिनची कमतरता भरून निघते. पण जर्मन करंट जेलीच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं फळ म्हणजे पेरू. पेक्टिन भरपूर, जेली काचेसारखी, आणि गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळेपासून पेरूचा गर साखरेत आटवून वड्या पाडतात, ती पेराद, नाताळच्या ताटात असतेच. पेरादचा एक छोटा तुकडा थेंबभर पाण्यात मऊ करून खळग्यात बसवला तर तो ओव्हनमध्ये उकळून बाहेर येत नाही.

आणि आंबा. साखरांबा घालून बघणारे बरेच आहेत, पण त्यात पाक सुटा असतो आणि तो वाहतो, तो भरायचाच असेल तर फोडी निथळून घ्याव्यात. कोकणात हापूसचा रस कढईत ढवळत ढवळत आटवून मावा करून ठेवतात, तो हाताने गोळी वळण्याइतका घट्ट असतो. चणाडाळीएवढी वेलदोड्याची चिमूट, माव्याची सुपारीएवढी गोळी, खळग्यात दाबायची आणि १७० अंशांवर भाजण्याआधीच आत. कडेचा मैदा फिका सोनेरी झाला की ट्रे बाहेर काढायचा, तोवर माव्यावर पातळ साय धरलेली असते आणि आतून तो मऊच राहतो.