पुतळा हटवणं आणि मेळावा अडवणं: बाग एक, कायदे दोन

अमेरिकेतल्या एखाद्या सार्वजनिक बागेत वंशवादी गटाने पुतळ्यापाशी आदरांजलीचा कार्यक्रम जाहीर केला, की विरोधात उतरलेले रहिवासी बहुतेक वेळा एकाच निवेदनात दोन मागण्या करतात: पुतळा हलवा आणि मेळाव्याला परवानगी नाकारा. जागा तीच, माणसं तीच, त्यामुळे मागणीही एकच वाटते. कायद्यात मात्र हे दोन वेगळे विषय आहेत, आणि पहिल्यात जो मुद्दा उघडपणे मांडता येतो तोच दुसऱ्यात अंगाशी येतो.

पुतळा हे सरकारचं बोलणं. युटामधल्या प्लेझंट ग्रोव्ह शहराच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केलं: बागेतलं कायमस्वरूपी स्मारक देणगीतून आलेलं असलं, तरी ते सहसा सरकारचंच म्हणणं मानायचं. त्यामुळे ‘हा पुतळा गुलामगिरीचा गौरव करतो, आम्हाला तो नको’ असं नगर परिषद ठरावात लिहू शकते. मेळावा हे खासगी माणसांचं बोलणं. तिथे गर्दी, वेळ, जागा, रहदारी ही कारणं चालतात. ‘यांचे विचार घाणेरडे आहेत’ हे चालत नाही, विचार खरोखर घाणेरडे असले तरी.

मग जमावबंदी का लावत नाहीत? आपल्याकडे पूर्वीचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ हाताशी असतं, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेत ‘समोरचे चिडतील आणि दंगा होईल’ एवढ्या अंदाजावर आधीच घातलेली बंदी न्यायालयात सहसा टिकत नाही.

व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये दोन्ही गोष्टी एकाच बागेत घडल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली याचा तिथला पुतळा १९२४ चा. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर परिषदेने तो हटवण्याचा ठराव ३ विरुद्ध २ मतांनी केला. त्याविरुद्ध जेसन केसलर या गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या पुरस्कर्त्याने १२ ऑगस्टला त्याच बागेत मेळावा ठरवला. शहराने जेमतेम पाच दिवस आधी सांगितलं की गर्दी जास्त होणार, तुम्ही मॅकिंटायर पार्कमध्ये जा. कारण कागदावर बरोबर होतं. पण जवळच्याच बागांमध्ये विरोधकांना दिलेले परवाने शहराने तसेच ठेवले. एका बाजूला हलवलं आणि दुसरीला हात लावला नाही, यावरून निर्णयामागे मतांचा आकस दिसतो, असं म्हणत संघीय न्यायाधीशांनी ११ ऑगस्टच्या रात्री शहराला रोखलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दोन गट वेगळे ठेवले नाहीत. मारामारी झाल्यावर जमाव बेकायदा ठरवला आणि मेळाव्यातल्या लोकांना बागेतून बाहेर ढकललं, तेही थेट विरोधक उभे होते त्या रस्त्यावर. नंतर दुपारी विरोधकांच्या गर्दीत मोटार घातली गेली आणि हेदर हायर ही ३२ वर्षांची तरुणी मारली गेली.

पैशांच्या अटींनी मेळावा रोखण्याची युक्तीही जुनीच. इलिनॉयमधल्या स्कोकी गावात छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू राहत होते. नाझी गटाने तिथे मोर्चा ठरवल्यावर गावाने साडेतीन लाख डॉलरच्या विम्याची अट घातली. ती कोर्टात टिकली नाही. (मोर्चा स्कोकीत निघालाच नाही. तो गट जुलै १९७८ मध्ये शिकागोच्या मार्केट (Marquette) पार्कमध्ये जमला.) जॉर्जियाच्या फोर्साइथ काउंटीत तर शुल्काची मर्यादा दिवसाला १,००० डॉलर होती आणि अधिकाऱ्याने फक्त १०० मागितले होते. तरीही १९९२ मध्ये तो नियम रद्द झाला, कारण किती आकारायचं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं आणि विरोध किती होईल यावर बंदोबस्ताचा खर्च ठरत होता.

म्हणून मेळाव्याच्या बाबतीत मागणी ‘बंदी घाला’ अशी नसावी. सगळ्यांना सारखेच लागू होतील असे नियम मागावेत, तेही अर्ज येण्याच्या आधी: ठरलेलं शुल्क, गर्दीची मर्यादा, दोन्ही बाजूंना वेगळी प्रवेशद्वारं आणि मध्ये कठडे, शिवाय काठ्या, ढाली, मशाली आणायला मनाई. शेजारच्या बागेसाठी आपला अर्जही लवकर टाकावा. नगरसेवकांना मात्र तोंड आवरायला सांगावं. ‘हा मेळावा मी होऊ देणार नाही’ असं एखाद्याने समाजमाध्यमावर लिहिलं की समोरच्या वकिलाचं अर्धं काम झालं.

पुतळ्याच्या वाटेतला अडथळा राज्याचा कायदा असतो. शार्लट्सव्हिलमध्ये युद्धस्मारकं हलवायला मनाई करणारा कायदा आडवा आला. शेवटी १ एप्रिल २०२१ ला व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९९७ च्या दुरुस्तीने शहरांना लागू झालेली ही मनाई त्याआधी उभारलेल्या पुतळ्यांना लागत नाही. म्हणजे चार वर्षं गेली ती एका तारखेच्या वादात. पुतळा १० जुलै २०२१ ला उतरला. दरम्यान १ जुलै २०२० पासून राज्याने शहरांना दोन अधिकार दिले होते: स्मारकं हलवण्याचा आणि बागांमध्ये बंदुकांना बंदी घालण्याचा. २०१७ मध्ये दोन्ही नव्हते.

म्हणून आधी कागद काढावेत: जमीन कोणाच्या नावावर, देणगीपत्रात अट काय, राज्याचा कायदा नेमक्या कोणत्या जागांना लागू आहे. टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये हाच शेवटचा प्रश्न कामी आला. कू क्लक्स क्लॅन या वंशवादी संघटनेचा पहिला ‘ग्रँड विझर्ड’, म्हणजे प्रमुख, नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याचा तिथला पुतळा १९०५ चा. राज्याच्या ऐतिहासिक आयोगाने तो हलवायला परवानगी नाकारली. पण कायदा सार्वजनिक जागेपुरताच होता. २० डिसेंबर २०१७ ला शहराने तो पुतळा असलेली बाग आणि आणखी एक बाग एका ना-नफा संस्थेला प्रत्येकी १,००० डॉलरला विकली, आणि त्याच रात्री पुतळे उतरले. चिडलेल्या विधिमंडळाने पुढच्या एप्रिलमध्ये शहराच्या द्विशताब्दीचे अडीच लाख डॉलर कापले. नंतर कायद्यातली ती फटही बुजवली. कोर्टात मात्र विक्री टिकली.