केनियात कुणी तुमची खाजगी माहिती पसरवली तर तक्रार कुठे आणि कशी करायची

केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेत कलम 31 प्रायव्हसीचं आहे. घराची झडती, वस्तूंची जप्ती, कॉल-मेसेजची गुप्तता हे त्यात येतंच, पण रोजच्या कामाचा भाग म्हणजे तुमची घरगुती, खाजगी माहिती कुणी विनाकारण मागायची पण नाही आणि उघड पण करायची नाही. हा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे नैरोबी-मोंबासात वर्क परमिटवर असलेल्या आपल्या मंडळींनी ‘आपण बाहेरचे’ म्हणून गप्प बसू नका.

तक्रार जाते डेटा कमिशनरच्या ऑफिसकडे, 2019 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली. तिथे सगळ्यात संतापजनक प्रकार लोन ॲपवाल्यांचा, हप्ता थकला की फोनमधले कॉन्टॅक्ट काढून बॉसला, नातेवाइकांना फोन, ज्यांचा त्या कर्जाशी काही संबंधच नाही. अशा एका कंपनीला सप्टेंबर 2023 मध्ये 29 लाख 75 हजार शिलिंग दंड झाला, आणि पालकांची परवानगी न घेता मुलांचे फोटो टाकणाऱ्या एका शाळेला 45 लाख 50 हजार. म्हणजे तक्रारीचा उपयोग होतो हे नक्की.

कागदपत्रं म्हणाल तर खरी ताकद पुराव्यात. मेसेजचे स्क्रीनशॉट (नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे), कॉल लॉग, फोटो टाकला असेल तर ती पोस्ट डिलीट व्हायच्या आधीच सेव्ह करा, लिंकसकट. कंपनीला आधी एक ईमेल टाका की माझी माहिती काढून टाका, आणि तो ईमेल आणि आलेलं उत्तर दोन्ही जोडा, माझ्या मते याने केस फार पक्की होते. ज्याला फोन गेला तो माणूस पण स्वतःची वेगळी तक्रार करू शकतो, कारण त्याचा नंबर त्याच्या संमतीशिवाय वापरलाय.

तक्रार लेखी किंवा तोंडी पण चालते, तोंडी सांगितली तर लिहून घेणं त्यांचं काम. तुमच्या वतीने दुसरं कुणी पण करू शकतं. निकाल 90 दिवसांत लागायला पाहिजे असं कायदाच सांगतो, म्हणून तक्रार दिल्याची तारीख आणि पोच जपून ठेवा. नुकसान झालं असेल तर भरपाई पण मागता येते, ती अर्जातच स्पष्ट लिहा. निकाल पटला नाही तर पुढे हायकोर्टात अपील.