सिकलसेल, नवतपा आणि तिसावा घात

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. दरवर्षी १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन आला की आपल्याकडच्या पेपरात ठरलेली बातमी येते, इतक्या लोकांची तपासणी झाली, इतके वाहक सापडले, सोबत पाहुण्यांचा फोटो. २०२३ च्या जुलैत केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं तेव्हाही सगळी चर्चा ७ कोटी तपासण्यांच्या टार्गेटचीच. तपासणी हवीच, वाद नाही. पण सिकलसेलच्या पेशंटला प्रत्येक डॉक्टर जे सांगतो ना, 'पाणी भरपूर पी', आणि जे सगळे या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतात, त्यात जे विज्ञान आहे ते मला या सगळ्या आकड्यांपेक्षा भारी वाटतं. विदर्भाचं स्वतःचं संशोधन कुठून सुरू व्हायचं असेल तर तिथूनच व्हावं.

शाळेतलं आठवा. लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं. सिकलसेलमध्ये त्याच्या बीटा नावाच्या अमिनो ॲसिडांच्या साखळीत ६ व्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं, बस, एवढाच फरक. आईबाप दोघांकडून हा जीन आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. आता व्हॅलिन पडलं पाण्यापासून पळणारं, ऑक्सिजन सुटला की शेजारच्या रेणूवर त्याला लपायला एक खाच मिळते, ते तिथे अडकतं, त्या रेणूला पुढचा रेणू अडकतो, आणि असं होत होत १४ पदरांचा पिळलेला तंतू तयार होतो जो पेशीला आतून ताणून विळ्यासारखी वाकडी करतो.

गंमत पुढे आहे. हा तंतू लगेच बनत नाही. आधी थोडे रेणू जवळ येतात, सुटतात, परत येतात, परत सुटतात, आणि एकदा का पुरेसा गठ्ठा जमला की मग पुढचं सगळं धडाधड होतं. या मधल्या वेळाला डिले टाइम म्हणतात. पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते, तेवढ्यात तंतू बनला नाही तर ती फुप्फुसात जाऊन ऑक्सिजन घेऊन मोकळी. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. १९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हा वेळ हिमोग्लोबिन किती दाट आहे त्याच्या जवळपास ३० व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तिसावा घात! आपण वर्ग आणि घनापुढे गेलेलो नसतो. परिस्थितीप्रमाणे हा घात १५ ते ३० च्या मधे धरा आणि मोबाइलवर करून बघा, १.०५ चा १५ वा घात २ च्या आसपास येतो, ३० वा ४ च्या वर. म्हणजे पेशीतलं पाणी कमी होऊन हिमोग्लोबिन नुसतं ५ टक्के दाट झालं तरी पेशीच्या हातातला वेळ निम्म्यावर नाहीतर पाव हिश्श्यावर येतो. मग ती मधेच अडकते, तिच्या मागच्या अडकतात, आणि हाडांत ते भयंकर दुखणं सुरू होतं ज्याला क्रायसिस म्हणतात.

वर किडनीची भानगड. किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि खारटपणा जास्त, म्हणून तिथे या पेशी लवकर बिघडतात आणि लघवी दाट करून पाणी वाचवायचं काम लहानपणीच ढेपाळतं. नागपुरात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या वर आणि पेशंटच्या अंगातून पाणी इतरांपेक्षा जास्त जातंय. शाळेत पोरगं सारखं 'सर, जाऊ का' करतं, सर खेकसतात, मग ते पाणी पिणंच सोडून देतं. हे त्याच्या आईला माहीत असतं, केसपेपरवर कुठेच नसतं.

माझा मुद्दा हाच. नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स या मोठ्या दवाखान्यांत जो येतो तो क्रायसिस झाल्यावर, आदल्या दोन दिवसांत काय झालं ते गावात आणि घरात राहतं. एप्रिल-मे मध्ये तेंदूपत्ता तोडायला भल्या पहाटे जंगलात जायचं, सोबत एक बाटली पाणी, दुपारी पुडे बांधायचे. पावसाळ्यात भाताच्या रोवणीला दिवसभर थंड चिखलात पाय, थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशीला पार व्हायला अजून वेळ लागतो. आफ्रिका-अमेरिकेतल्या शोधनिबंधांत हे मिळणार नाही. शिवाय आपल्याकडच्या पेशंटमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन, जे तंतू बनायला अडथळा करतं, जास्त टिकतं म्हणून इथला आजार सौम्य असं बरीच वर्षं समजायचे, पण नागपूरच्या डॉक्टरांनी पोरांचा पाठपुरावा केला तेव्हा तसं सरसकट म्हणता येत नाही हे दिसलं.

दवाखान्याचं रजिस्टर किती आंधळं असतं हे गडचिरोलीनं आधीच दाखवलंय. १९८९ मध्ये तिथल्या डॉक्टर राणी बंग आणि सहकाऱ्यांचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, दोन गावांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. गावात जाऊन, बायांचा विश्वास मिळवून केलं म्हणून कळलं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची पोरं पहिल्या वर्षापासून गाव दत्तक घेतात, आता तर देशभर एमबीबीएसला कुटुंबं दत्तक घेणं आलंय. माणसं जाताहेत, पण बहुतेक वेळा प्रश्न कॉलेजातून ठरवून नेलेले असतात आणि सबमिशन झालं की गाव विसरलं जातं. गडचिरोलीतल्या बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, म्हणजे जंगलात पाण्याचे ड्रम कुठे ठेवायचे, काम किती वाजता थांबवायचं हे त्यांच्या हातात आहे. विद्यापीठ नुसतं मोजू शकतं, बदल करून बघायची ताकद ग्रामसभेकडे, त्यामुळे अभ्यासाची आखणी करतानाच ग्रामसभेची माणसं टेबलाशी हवीत.

एकीकडे अजून करणी-बाधा म्हणून पोराला बाबाकडे नेणारे आहेत आणि पोरीचं लग्न जुळवताना छत्तीस गुण बघून सिकलसेलचं कार्ड न बघणारे शिकलेले लोकही आहेत. दुसरीकडे व्हॉट्सॲपवर 'सिकलसेल कायमचा बरा' फिरतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत क्रिस्परवाल्या, म्हणजे जीनमध्येच कापाकापी करणाऱ्या, उपचाराला मंजुरी मिळाली हे खरं, पण त्याची किंमत २२ लाख डॉलर, ते फॉरवर्डमध्ये नसतं. तोवर क्रायसिस कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी गावच्या उपकेंद्रात न चुकता मिळाली तर जास्त पोरं शाळेत दिसतील.

आणि भागीदारी म्हटलं की रिपोर्टचं आधी ठरवा. रक्त नेलं तर रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात, आणि वाहक म्हणजे रोगी नाही हे समोर बसून सांगून. वाहकांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली तर त्यातल्या पोरींची लग्नं मोडतील आणि पुढच्या वेळी त्या गावात कोणी बोट पुढे करणार नाही.