आई, जी आतेबहीणही होती

स्पेनचा राजा दुसरा कार्लोस 1661 मध्ये जन्मला. त्याची आई मारियाना ही नात्यानं त्याची आतेबहीणही लागायची, आणि आजी त्याची सख्खी आत्या. कोडं वाटतं, पण उत्तर सरळ आहे. त्याचा बाप, राजा चौथा फेलिपे, यानं सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं होतं. मारियाना खरं तर फेलिपेची सून व्हायची होती. तिचं लग्न त्याच्या मुलाशी, बाल्तासारशी, ठरलेलं. तो 1646 मध्ये सोळाव्या वर्षीच गेला. फेलिपे विधुर, गादीला दुसरा मुलगा नाही. 1649 मध्ये ठरलेल्या सुनेशी मामानं स्वतःच लग्न लावून घेतलं. नवरी 14 वर्षांची, नवरा 44.

मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडेही आहे आणि दक्षिणेत मामा-भाचीची लग्नंही होतात, तेव्हा आपण फार नाकं मुरडू नयेत. कार्लोसच्या हाब्सबुर्ग घराण्याची गोम अशी, की हे पिढ्यानपिढ्या चाललं. घराण्याची एक शाखा माद्रिदला, दुसरी व्हिएन्नाला. मुली इकडून तिकडे द्यायच्या, म्हणजे मुलूख घरातच राहतो. चर्चची मनाई होती, पण पोपकडून सूट मिळायची. स्पेनच्या शाखेत झालेल्या 11 लग्नांपैकी 9 जवळच्या नात्यातली होती.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तरी बऱ्याचदा दुसरी काम भागवते. आईवडील नात्यातले असले, तर दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असू शकतात, आणि ती बिघडलेली असेल तर भागवायला कोणी उरत नाही. ही शक्यता आकड्यात मांडता येते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या मुलांत ती 0.0625, मामा-भाचीच्या मुलांत 0.125, सख्ख्या बहीण-भावाच्या मुलांत 0.25. स्पेनमधल्या संशोधकांनी 16 पिढ्यांची, तीन हजारांहून जास्त माणसांची वंशावळ मांडून 2009 मध्ये कार्लोसचा आकडा काढला: 0.254. या शाखेचा मूळपुरुष पहिला फेलिपे, त्याचा होता 0.025. बाकीचं दोनशे वर्षांत साठत गेलं.

कार्लोस चौथ्या वर्षी बोलायला लागला, आठव्या वर्षी चालायला. खालचा जबडा इतका पुढे, की नीट चावता यायचं नाही. दोन लग्नं झाली, मूल नाही. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा आणि मूत्रपिंडाचा असे दोन आनुवंशिक विकार एकत्र आले असावेत, असं या संशोधकांनी सुचवलं. त्याचा डीएनए कोणी तपासलेला नाही, त्यामुळे हा तर्कच समजायचा.

आता त्याची सख्खी बहीण मार्गारिता घ्या. वेलाझ्केझच्या ‘लास मेनिनास’ या चित्रात मधोमध उभी असलेली फिकट झग्यातली मुलगी ती. आईबाप तेच, म्हणजे आकडाही तोच, 0.254. तरी तिच्यात भावासारखं काही दिसलं नाही. आकडा फक्त जोखीम सांगतो. फासे कसे पडतील ते नाही. तिलाही मामालाच, व्हिएन्नाच्या सम्राट लिओपोल्डला, दिलं. चार मुलांतली एकच जगली आणि आई 21 व्या वर्षी गेली. त्या मुलीचा मुलगा, बव्हेरियाचा राजपुत्र योसेफ फर्डिनांड, हाच कार्लोसचा वारस म्हणून पुढे आला. पण फेब्रुवारी 1699 मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, तोही गेला.

मग उरले दोघे: व्हिएन्नाचा राजपुत्र (आर्चड्यूक) कार्ल आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू फेलिप. यातला फेलिप हा कार्लोसच्या सावत्र बहिणीचा नातू. मरणाच्या महिनाभर आधी कार्लोसनं मृत्युपत्रात सगळं राज्य त्याच्या नावे केलं. 1 नोव्हेंबर 1700 रोजी, 39 वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, तो वारला. फ्रान्स आणि स्पेन एकाच घराण्याकडे जाणार म्हणून इंग्लंड, हॉलंड आणि ऑस्ट्रिया उठले. लढाई 1714 पर्यंत रेंगाळली. मधेच 1711 मध्ये कार्लचा सम्राट असलेला थोरला भाऊ वारला आणि कार्लच सम्राट झाला. मग त्याला स्पेनही मिळावं, हे त्याच्याच दोस्तांना नकोसं झालं. फेलिप गादीवर राहिला, पण इटलीतले मुलूख आणि नेदरलँड्सचा दक्षिण भाग गेला. इंग्रज-डच फौजेनं 1704 मध्ये बळकावलेला जिब्राल्टरचा खडक 1713 च्या उट्रेक्टच्या तहानं ब्रिटनकडे गेला. तो आजही ब्रिटनकडेच आहे, आणि माद्रिदच्या गादीवर त्याच फेलिपचे वंशज.