धावपट्टीचे मीटर आणि मुंबईचा स्लॉट : जिल्ह्याच्या शहरांतल्या विमानसेवेची पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या गावी विमानसेवा वाजतगाजत सुरू होते, दोन-तीन वर्षं चालते आणि मग वेळापत्रकातून गुपचूप गळते. कारण म्हणून ‘प्रवाशांचा प्रतिसाद’ हे दोन शब्द छापून येतात. पण महाराष्ट्रातल्या अशा विमानतळांचा इतिहास चाळला, तर प्रवाशांच्या आधी दोन गोष्टी आडव्या येतात : धावपट्टीची लांबी आणि मुंबईत उतरायला मिळणारी ठरावीक वेळ, म्हणजे ‘स्लॉट’.

सुरुवातीला यातलं काहीच लागत नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. पुढे ते टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेलं. त्या छोट्या पस मॉथ विमानाला बरं मोकळं मैदानही पुरत असे. संस्थानिकांनी विमानतळ उभारले ते त्याच काळात. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केलेला. विमानं मोठी होत गेली, मैदानं मात्र तेवढीच राहिली.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९८१ मध्ये छोट्या गावांसाठी ‘वायुदूत’ ही सरकारी विमान कंपनी आली. तिची १९ आसनी डॉर्निअर विमानं आखूड धावपट्टीवर सहज उतरत, पण १९ तिकिटांत वैमानिक, इंधन आणि देखभाल यांचा मेळ बसेना. नव्वदच्या दशकात ती गुंडाळली गेली. १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना कायद्यानं वाट मोकळी झाली. त्याच वर्षी सरकारनं कंपन्यांना ठरावीक प्रमाणात आडवळणाच्या मार्गांवरही उडण्याची अट घातली. त्या अटीचा भर ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर आणि बेटांवर होता. सोलापूर-नांदेडच्या वाट्याला त्यातून काही आलं नाही.

चित्र बदललं ते एटीआर-७२ या पंख्याच्या विमानानं. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना सरकारी विमानतळांवर उतरण्याचं शुल्क माफ झालं, आणि ४० टनांपेक्षा हलक्या विमानांच्या इंधनावरचा विक्रीकर ४ टक्क्यांवर आला. एटीआर या दोन्ही सवलतींत बसत होतं. किंगफिशरची नांदेड, कोल्हापूर, सोलापूरची सेवा याच विमानावर चालली; २०१२ मध्ये कंपनीच बंद पडली.

आता कोल्हापूरचं गणित जवळून पाहू. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, भरलेल्या एटीआर-७२ ला उडायला सुमारे १,३०० मीटर लागतात. कोल्हापूरची जुनी धावपट्टी होती १,३७० मीटर. कागदावर पुरेशी. पण विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. धावपट्टी आखताना दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के लांबी वाढवायची असते : १४ टक्के, म्हणजे १,४८२. त्यानंतर तापमान. या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात आणि त्याच्या वर दर अंशाला १ टक्का वाढ. दुपारी ३५ अंश असेल तर २४ टक्के, म्हणजे जवळपास १,८४०. विरळ, गरम हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनंही कमी जोर देतात, त्याचा हा हिशेब. धावपट्टी तोकडी असली की वजन उतरवायचं. इंधनाला हात लावता येत नाही, म्हणून सामान तरी कमी होतं किंवा आसनं तरी. विमान अर्धं रिकामं दिसतं ते कधीकधी तिकिटंच विकलेली नसतात म्हणून! कोल्हापूरची धावपट्टी पुढे १,९३० मीटरपर्यंत वाढवली गेली, ती या आकड्याशी ताडून पाहावी.

धावपट्टी वाढवणं म्हणजे नुसतं डांबर ओतणं नाही. २,३०० मीटरच्या धावपट्टीला दोन्ही टोकांना ६० मीटरची मोकळी पट्टी आणि त्यापुढे २४० मीटरचं सुरक्षा क्षेत्र धरलं, तर सलग २,९०० मीटर जमीन लागते. मधे एखादा रस्ता किंवा ओढा आला की भूसंपादन वर्षानुवर्षं रेंगाळतं. टोकाला रस्ता असण्याची किंमत औरंगाबादनं मोजली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी उड्डाण घेणारं बोइंग-७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला घासलं आणि मग विजेच्या तारांत गेलं. ११८ पैकी ५५ जण दगावले.

एटीआरवरून एअरबस-३२० वर जायचं तर आणखी खर्च येतो. विमानाची लांबी २७ मीटरवरून साडेसदतीसवर गेली की अग्निशमनाची श्रेणी पाचवरून सहावर जाते. एका बंबाऐवजी किमान दोन, आणि तितकी माणसं प्रत्येक पाळीला. उपकरणांच्या मदतीनं उतरण्याची सोय नसेल तर ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या सकाळी ती मिळत नाही, मग विमान घिरट्या घालून परत जातं. धावपट्टीवर दिवे नसतील तर सूर्यास्तानंतर सगळंच बंद.

२१ ऑक्टोबर २०१६ ला ‘उडान’ योजना जाहीर झाली. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा, साधारण निम्मी आसनं या दरात, आणि तूट भरून द्यायला तीन वर्षं अनुदान. त्यातला २० टक्के वाटा राज्याचा. २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. योजनेची खरी परीक्षा चौथ्या वर्षी असते. अनुदान थांबतं, दराची मर्यादा सुटते, आणि कंपनी विमान दुसऱ्या मार्गावर वळवते.

नाशिकच्या ओझरला धावपट्टीचा प्रश्न कधीच नव्हता. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या लढाऊ विमानांसाठी बांधलेली ती ३,००० मीटरची आहे. तरी नियमित प्रवासी सेवा वर्षानुवर्षं जमली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कननं मुंबईची सेवा सुरू केली, विमान १८ आसनांचं. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. तेव्हा गर्दीच्या तासाला सुमारे ४६ विमानं. एका स्लॉटमध्ये १८ प्रवासी उतरवा किंवा १८०, स्लॉट एकच खर्च होतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी वेळ छोट्या विमानाला कोण देणार? आणि दुपारी दोनला मुंबईत पोहोचणाऱ्या विमानात कामाला निघालेला माणूस बसत नाही.

सोलापुरात अडचण जमिनीवर नव्हती, हवेत होती. उपकरणांच्या आधारानं उतरायचं तर धावपट्टीच्या टोकापलीकडे दर ५० मीटरला १ मीटर या चढानं वरचं आकाश मोकळं लागतं. म्हणजे ३ किलोमीटरवर ६० मीटरपेक्षा उंच काही चालत नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळ सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी उभी होती. वाद, मोर्चे, न्यायालय असं सगळं होऊन १५ जून २०२३ ला ती पाडली. ९ जून २०२५ ला सोलापुरातून पुन्हा नियमित विमान उडालं, ते गोव्याला.